परक्या वस्त्राकडून काय घ्यावे?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात शिवणवर्गाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या शिवणवर्गाला या मेळाव्यात बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे प्रथम आभार मानतो. शिक्षण, आरोग्य, नोकरी या विषयांवर येथे नेहमी विचार मांडले जातात. सुई-दोऱ्याविषयी व्याख्यान म्हटले की काहींना ते किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु अन्नाखालोखाल माणसाला वस्त्र लागते, आणि कोणी काय नेसावे यावरून या देशात किती अन्याय झाला हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून आजचा विषय आम्ही जाणीवपूर्वक निवडला आहे.

विषयाचे निमित्त असे. आमच्या वर्गात तयार झालेली एक विद्यार्थिनी सध्या वेशभूषा-रचनेचा पदविका अभ्यासक्रम करीत आहे. दुसऱ्या एखाद्या संस्कृतीपासून प्रेरणा घेऊन एक वस्त्र स्वतः रचावे, कापावे व शिवावे, असे काम तिला परीक्षेसाठी मिळाले. तिने जपान हा देश निवडला. ती आमच्याकडे सल्ल्यासाठी आली आणि पुढचे दोन महिने आमच्या वर्गातील मशीन व टेबल तिने वापरले. या काळात जी चर्चा झाली, जे वाचन झाले आणि जे वाद झाले, त्यांचे सार आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम किमोनोविषयी. किमोनो म्हटले की फुलाफुलांचे रेशमी वस्त्र डोळ्यांपुढे येते. सामान्यतः विद्यार्थी तेवढेच उचलतात. तशा छापाचे कापड आणायचे, रुंद बाह्या लावायच्या, कमरेला पट्टा बांधायचा, की झाले जपानी! परंतु शिवणाऱ्याने वस्त्राकडे पाहताना त्याची शिवण पाहिली पाहिजे. किमोनोची खरी शिकवण त्याच्या कापात आहे.

किमोनोचे कापड अरुंद पन्ह्याचे विणले जाते. पन्हा सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे १२ मीटर. एका ताग्यात एक किमोनो होतो. या ताग्याचे सरळ रेषेत आठ तुकडे करतात. दोन अंगाचे, दोन बाह्यांचे, दोन पुढच्या बाजूला जोडायचे आणि दोन गळपट्टीचे. अंगाचा तुकडा पुढच्या खालच्या कडेपासून खांद्यावरून पाठीमागे खालपर्यंत अखंड जातो, त्यामुळे खांद्यावर शिवणच नसते. मुंढ्याची गोलाई नाही, कळ्या नाहीत. कात्रीखालून चिंधी म्हणून काही पडतच नाही.

दुसरी गोष्ट, हे वस्त्र हाताने धावदोरा घालून शिवतात. जुन्या पद्धतीत ते धुण्यासाठी सगळे उसवून सुटे करीत, तुकडे धुऊन फळीवर ताणून वाळवीत आणि पुन्हा शिवीत. आईचे वस्त्र मुलीच्या मापाला येई, झिजलेला भाग आत दडवला जाई. शेवटी त्याच कापडाचे पोराचे कपडे, मग फडकी होत. आपल्याकडे जुन्या लुगड्याची वाकळ होते, तिचे घरातले स्थान ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच उमजेल.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण शिवणाऱ्याने विसरू नये. किमोनोत डावी बाजू उजव्या बाजूवर येते. इ.स. ७१९ मध्ये जपानच्या राजदरबाराने चीनच्या रिवाजाला अनुसरून तसा हुकूमच काढला होता. स्त्री असो वा पुरुष, नियम एकच. उजवी बाजू वर आणून केवळ प्रेताला वस्त्र नेसवतात. आता आपल्या वर्गात मुलींचे शर्ट शिवताना आपण काय शिकवतो? स्त्रियांच्या शर्टाची उजवी बाजू वर घ्यावी. म्हणजे चांगली शिकलेली, सवयीने शिवणारी मुलगी जपानी घडणीचे वस्त्र शिवताना नेमके प्रेताचे वस्त्र शिवून ठेवील! ज्यांचे वस्त्र आपण घेतो त्यांना विचारल्याशिवाय, वाचल्याशिवाय सुई हातात धरू नये, याला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडले नाही.

विद्यार्थिनीने जपानी वस्त्रांची पुस्तके चाळली तेव्हा तिचे मन राजवाड्यातील रेशमावर बसले नाही. तिला आवडले ते शेतकऱ्यांचे निळे कापड. जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी हा प्रांत आहे. त्याच्या पश्चिम भागाला त्सुगारू म्हणतात. तेथे हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडते. त्या थंडीत कापूस पिकत नाही. तेथील शेतकरी अंबाडीसारख्या दिसणाऱ्या हेम्प नावाच्या झाडाच्या तागाचे कापड विणून वापरीत. हे कापड उन्हाळ्यात बरे, पण हिवाळ्यात त्यातून वारा आरपार जातो.

कापूस पिकत नसला तरी बाहेरून येत होता. तो विकत घ्यावा म्हटले तर तेथील सरंजामी राज्याने १७२४ मध्ये शेतकऱ्यांच्या राहणीवर निर्बंध घातले आणि त्यांनी सुती कपडे घालू नयेत असे ठरवले. कारण काय, तर काटकसर! खालच्या माणसाने खालच्या माणसासारखे दिसावे, हा त्यामागचा खरा हेतू. मग त्या घरांतील बायकांनी काय केले? निळीत रंगवलेल्या तागाच्या कापडावर त्यांनी खांद्यापासून छातीपर्यंत आणि पाठीवर दाट टाके घालायला सुरुवात केली. आधी तागाच्याच दोऱ्याने, आणि पुढे पांढरा सुती दोरा मिळू लागला तसा सुती दोऱ्याने. कापडाची भोके दोऱ्याने बुजली, थंडी अडली, आणि ओझे वाहून झिजणारा खांद्याचा भाग मजबूत झाला. सुती कपड्याला बंदी होती, म्हणून दोऱ्यादोऱ्याने त्यांनी सूत अंगावर आणले.

या कामाला कोगिन म्हणतात. त्याचा नियम असा की आडव्या ओळीत सुई चालवायची आणि उभे धागे विषम संख्येने मोजायचे: एक, तीन, पाच, सात. त्यातून शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी उमटते. शेजारच्या नाम्बू भागात असेच काम आहे, पण तेथे धागे सम संख्येने मोजतात आणि शंकरपाळा आडवा पसरतो. नक्षीच्या लहान घटकांना बायकांनी घरगुती नावे दिली आहेत. कोणाचे नाव घेवड्याचा दाणा, कोणाचे फूल, कोणाचे मांजराचा डोळा. मुली पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून हे शिकत. दिव्याच्या मंद उजेडात, दिवसभराच्या शेतकामानंतर.

१८९१ मध्ये टोकियोहून आओमोरीपर्यंत रेल्वे पोहोचली. सुती कापड स्वस्त झाले आणि कोगिन मागे पडले. ज्यांनी ते गरजेपोटी केले होते त्यांनी ते आनंदाने सोडले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढे १९३० च्या दशकात यानागी सोएत्सू यांच्या लोककला चळवळीने त्याकडे लक्ष वेधले आणि हिरोसाकी शहरात त्याचे पुनरुज्जीवन झाले. आज ते पिशव्या, गळपट्टे, उशांचे अभ्रे यांवर केले जाते.

बंधू-भगिनींनो, हा इतिहास वाचून आमची विद्यार्थिनी म्हणाली, "हे तर आपलेच वाटते." तिचे म्हणणे खरे होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. केरळच्या दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. १८५९ मध्ये परवानगी मिळाली, पण तीही उच्च जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र घेणार नाही या अटीवर. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे मार्गदर्शन केले. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या जडशीळ दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते, ती खूण टाकून द्या, असा त्याचा आशय होता. बायकांनी तो लगेच अमलात आणला आणि नेसण्याची पद्धत बदलली. जो महापुरुष घटना लिहिणार होता, त्याला लुगड्याच्या काठाविषयी बोलणे कमीपणाचे वाटले नाही.

आता वादाचा प्रसंग सांगतो. उत्तर जपानमध्ये कोगिनबरोबरच बोरो नावाचा प्रकार आहे. बोरो म्हणजे चिंध्या. पिढ्यान् पिढ्या ठिगळावर ठिगळ लावलेले कपडे व पांघरुणे. ज्यांच्याकडे ती होती त्यांना त्यांची लाज वाटे. तानाका चूझाबुरो या संशोधकाने आओमोरीच्या गावोगाव फिरून ती जमवली, म्हणून पुष्कळशी वाचली. आज तीच जुनी ठिगळे देशोदेशीच्या कलादालनांत मोठ्या किमतीला विकली जातात आणि नामांकित वस्त्रकार नव्या कापडाला मुद्दाम ठिगळे लावून तसा आभास निर्माण करतात. आमच्या विद्यार्थिनीलाही प्रथम तेच करावेसे वाटले. कोरे कापड घ्यावे, ते दगडाने घासून विरवावे, वर ठिगळे लावावीत.

त्या दिवशी तिच्या आजी वर्गात आल्या होत्या. टेबलावरचा नमुना पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ठिगळं लावता लावता आमचा जन्म गेला. दुसऱ्याच्या घरचं उतरलेलं लुगडं नेसून दिवस काढले आम्ही. तुला कशासाठी शिकवलं? पुन्हा ठिगळंच लावायला?"

नात म्हणाली, "आजी, आता याला फार किंमत आहे. मोठमोठी माणसं घालतात."

आजी म्हणाल्या, "मोठी माणसं घालतात, मग काढून ठेवतात. आमच्या अंगावरून ते निघत नव्हतं."

वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आमच्या मते या एका वाक्यात आजच्या विषयाचे सार आले आहे. फाटके वस्त्र कोणी घातले यापेक्षा ते काढून ठेवण्याची मोकळीक त्याला होती का, हा प्रश्न मोठा आहे.

यावर कोणी विचारील की, मग भिक्षूंच्या चीवराचे काय? प्रश्न योग्य आहे आणि वर्गात तो विचारलाही गेला. धम्माच्या आरंभीच्या काळात भिक्खू पांसुकूल वापरीत. म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून, जोडून केलेले वस्त्र. पुढे वैद्य जीवकाने भगवंतांना मौल्यवान वस्त्र अर्पण केले, तेव्हापासून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची अनुज्ञा झाली. आता पाहा. मनुस्मृतीतही स्मशानातील वस्त्र आहे आणि विनयातही आहे. कापड एकच. पहिल्या ठिकाणी ते दुसऱ्याने लादलेले आहे, त्यातून सुटका नाही, आणि ते बाळाच्या जन्माआधीच ठरलेले आहे. दुसऱ्या ठिकाणी राजपुत्र आणि न्हावी दोघेही ते स्वतःहून अंगावर घेतात, आणि दोघांचे वस्त्र सारखेच असते. वस्त्राचा अर्थ ते नेसण्याचा निर्णय कोणाचा, यावरून ठरतो. आजींचा आक्षेप आणि भिक्खूंचे पांसुकूल यांत म्हणूनच विरोध नाही.

चीवराचा विषय निघाला आहे म्हणून वस्त्र-रचनेच्या दृष्टीने एक गोष्ट येथे सांगणे अगत्याचे आहे. विनयपिटकातील महावग्गात असे आले आहे की भगवंत राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिकेस निघाले असता त्यांनी मगधातील शेते पाहिली. बांध, पट्टे, चौकोन, एकमेकांना छेदणाऱ्या पायवाटा. त्यांनी आनंदांना विचारले की अशी रचना चीवरात करता येईल का? आनंदांनी कापडाचे तुकडे जोडून तशी रचना करून दाखवली आणि भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली. कापून जोडलेल्या कापडाला बाजारात भाव उरत नाही, त्यामुळे त्याचा कोणाला लोभ होत नाही, हा त्यातला व्यवहारही होता. हीच शेताची नक्षी धम्माबरोबर चीन, कोरिया या मार्गाने जपानला गेली. काषाय या शब्दावरून तेथे तिला केसा म्हणतात. दानात भारी रेशीम आले तरी आधी ते कापून पट्ट्या करतात, मग पाच, सात, नऊ अशा विषम पट्ट्यांनी जोडून वस्त्र करतात. झेन परंपरेत अनेक ठिकाणी दीक्षा घेणारा आपले वस्त्र स्वतः हाताने, टाका टाका करून शिवतो.

म्हणजे मगधाच्या शेतकऱ्याच्या बांधांची आठवण जपानमधील भिक्षू आजही अंगावर वागवतो. एका संस्कृतीने दुसरीकडून वस्त्र घेण्याचे याहून उत्तम उदाहरण क्वचितच असेल. त्यांनी केवळ नक्षी घेतली नाही. कापड का कापायचे, हे कारण घेतले. नावही जपले. मूळ कोठले, हे विसरले नाहीत. घेणे असे असावे.

या चर्चेनंतर विद्यार्थिनीने आपला विचार बदलला. खोटी ठिगळे तिने सोडली. किमोनोचा काप आणि कोगिनचा टाका या दोन गोष्टी घेऊन तिने कमरेखाली येणारे एक सैल जाकीट केले. आमच्या वर्गातील मुलींना उपयोगी पडावे म्हणून त्याचा हिशेब येथे देत आहोत.

कापड घेतले गडद निळ्या रंगाची दोसुती. दोसुतीचे धागे डोळ्यांना मोजता येतात, म्हणून या कामाला ती चांगली. प्रथम ती धुऊन आटवली. आटल्यावर लांबी ७८ इंच आणि पन्हा ३६ इंच राहिला. पन्ह्याचे १२ इंचांचे तीन उभे पट्टे केले. त्यातील दोन पट्ट्यांतून ५४ इंच लांबीचे अंगाचे दोन तुकडे घेतले. २६ इंच पुढे, २६ मागे आणि खालच्या दुमडीसाठी दोन. त्या पट्ट्यांचे जे २४ इंच उरले त्याच दोन बाह्या. तिसरा पट्टा उभा चिरून सहा-सहा इंचांचे दोन भाग केले. एकाची गळपट्टी झाली. दुसऱ्यातून दोन खिसे आणि खांद्याला आतून लावायची पट्टी निघाली. उरलेल्या तुकड्याची तिने सुया ठेवायची लहान पिशवी शिवली. टोपलीत चिंधी पडली नाही.

पाठीच्या मध्यावर शिवण घेतली. गळ्यासाठी खांद्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच चीर दिली, कापड काढून टाकले नाही, ते गळपट्टीच्या आत दुमडले. मांजरपाटाचा एक नमुना आधी शिवून पाहिला होता, त्यामुळे बाहीची लांबी आणि काखेतील मोकळीक आधीच ठरली. डावी बाजू उजवीवर ठेवून बंद लावले.

शिवण्यापूर्वी पाठीच्या वरच्या भागावर कोगिनचे काम केले. आलेखाच्या कागदावर नक्षी उतरवली, एक चौकोन म्हणजे एक उभा धागा असे धरले. पांढरा जाड सुती दोरा, बोथट टोकाची सुई. एका ओळीत एक धागा चुकला की पुढची सगळी नक्षी सरकते, आणि ती उसवण्यावाचून इलाज नाही. साधारण आठ इंच उंचीचे काम पुरे व्हायला रोज संध्याकाळी दोन-अडीच तास बसून तीन आठवडे लागले. हे काम ट्यूबलाइटच्या उजेडात, पंख्याखाली झाले. मग बर्फाच्या दिवसांत, दिव्यापाशी, भेगाळलेल्या बोटांनी ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी तिच्या मनात काय आले असेल, ते वेगळे सांगायला नको. आमच्या मते परक्या वस्त्राचा आदर पुस्तक वाचून निम्मा येतो आणि बोटे दुखल्यावर पूर्ण येतो.

तिने आणखी एक गोष्ट केली. परीक्षेत जाकिटासोबत ठेवायच्या कागदावर तिने "जपानी किमोनो" असे लिहिले नाही. "त्सुगारू भागातील शेतकरी स्त्रियांच्या कोगिन कामापासून आणि किमोनोच्या कापापासून शिकून केलेले जाकीट, कापड भारतीय दोसुती" असे लिहिले. खाली १७२४ च्या निर्बंधाची माहिती दिली. आजींनी ते जाकीट हातात घेतले, उलटे करून आतील टाके पाहिले आणि म्हणाल्या, "हे काम आहे." आमच्या दृष्टीने परीक्षेचा निकाल त्याच दिवशी लागला.

आता थोडे व्यापक बोलू. काही तरुण विचारतात की दुसऱ्यांचे वस्त्र घेऊ नये असे असेल, तर बाबासाहेबांनी सूट का घातला? तोही परक्यांचाच होता. याचे उत्तर असे की घेण्याला दिशा असते. ज्याला नाकारले गेले तो माणूस सत्ताधाऱ्यांचे वस्त्र घालतो तेव्हा मी तुझ्या बरोबरीचा आहे असे सांगतो. त्यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही. पण बलवान माणूस दुर्बळाच्या श्रमाची वस्तू घेतो, तिचे नाव पुसतो आणि स्वतःच्या नावाने विकतो, तेव्हा ते घेणे राहत नाही, ती लूट होते.

उदाहरणे दूर शोधायला नकोत. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरातील प्रदर्शनात प्रादा या कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मांडल्या आणि त्या कोठल्या याचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मकार कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या जे काम केले, आणि ज्या कामावरून त्यांना हिणवले गेले, तेच काम नाव वगळून परदेशी मंचावर मिरवले. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर त्या कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. तसेच जून २०१९ मध्ये अमेरिकेतील किम कार्डाशियन यांनी आपल्या अंतर्वस्त्रांच्या मालाला "किमोनो" हेच नाव दिले. जपानमधून निषेध झाला, क्योटोच्या महापौरांनी पत्र लिहिले, आणि ते नाव बदलावे लागले. कोल्हापुरीच्या वेळी आपल्याला जे दुःख झाले, ते दुसऱ्यांना आपल्यामुळे होऊ नये, इतकी दक्षता आपण घेतली पाहिजे. अन्याय सोसलेल्या समाजाकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, रचनेचे काम हाती घेताना चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे वस्त्र कोणाचे आहे, राजाचे की राबणाऱ्याचे? ते असे का कापले, असे का शिवले? ते त्यांनी आवडीने घातले की त्यांच्यावर लादले गेले? आणि मी ते विकले तर त्याचे श्रेय आणि शक्य असेल तर मोबदला मूळ कारागिरापर्यंत कसा पोहोचेल? ज्या वस्त्राला धर्मविधीत स्थान आहे, उदाहरणार्थ चीवर किंवा केसा, त्याची फॅशन करू नका. आणि दुसऱ्यांची दुःखे कापडावर छापून विकू नका.

याबरोबर दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. भीतीपोटी दुसऱ्याकडून काही घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. आपल्या आया-आज्यांच्या वाकळेचा धावदोरा आणि त्सुगारूच्या बायकांचा धावदोरा एकाच जातीचा आहे, म्हणजे कोणत्याच जातीचा नाही. सुईला जात नसते. थंडीपासून लेकरू वाचवायचे, कापड वाया जाऊ द्यायचे नाही आणि एवढ्यातही काही सुंदर करायचे, हे शहाणपण सगळ्या देशांतल्या कष्टकरी बायकांनी स्वतंत्रपणे मिळवले. ते एकमेकींकडून शिकण्यात कमीपणा नाही.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्या घरात आजीच्या हातची वाकळ असेल तर ती मोडीत देऊ नका. ती कोणी शिवली, कोणत्या लुगड्याची, कोणत्या साली, हे एका कागदावर लिहून ठेवा. आमच्या वर्गातील मुली तिचे टाके उतरवून घ्यायला आपल्या घरी येतील. परक्यांचे मोल जाणायला शिकलेल्या मुलीने स्वतःच्या घरातले काम अनोळखी ठेवू नये, एवढीच आमची इच्छा आहे.